कागदांची झडती व एंटिकचा खटला (इ. स. १७६५)

जुन्या कागदांचा संग्रह करणारांस झडती व जप्ती हे शब्द अपरिचित नाहींत. घरांतून एकदां उचलला गेलेला कागद परत येतोच असें नाहीं. आणि परत आला तरी त्यांतील मजकूर परक्यानें वाचला ही हानि भरून निघत नाहीं. सरकारनें कोणाच्या घरांत शिरून कागद न्यावे कीं काय, व न्यावयाचे तर कोणत्या नियमानें, या प्रश्नाचा प्रसिद्ध न्यायनिर्णय इंग्लंडांत १७६५ सालीं झाला. अमेरिकेच्या राज्यघटनेंतील झडतीविषयक कलमाचें मूळ शोधूं गेल्यास या निर्णयापाशीं यावें लागतें. प्रस्तुत लेखांत त्याचें स्वरूप थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन एंटिक हा लंडननजीक स्टेपनी येथें राहणारा ग्रंथकार. 'मॉनिटर' नांवाच्या सरकारविरोधी साप्ताहिकाशीं त्याचा संबंध होता. राज्यसचिव लॉर्ड हॅलिफॅक्स यानें त्यास पकडून कागदांसह हजर करण्याचा हुकूम काढला. त्यावरून ११ नोव्हेंबर १७६२ रोजीं नेथन कॅरिंग्टन व आणखी तिघे राजाचे जासूद एंटिकच्या घरांत शिरले. चार तास राहून त्यांनीं कुलुपें फोडलीं, पेट्या उघडल्या, खाजगी कागद वाचले आणि कित्येक नेले, अशी फिर्याद होती. नेलेल्या वस्तूंत शंभर छापील तक्ते व शंभर छापील पुस्तिका नमूद आहेत. ज्यूरीनें ३०० पौंड नुकसानी ठरविली. परंतु हुकूम कायदेशीर ठरल्यास ती मिळणार नव्हती, म्हणून मुख्य मुद्दा न्यायाधीशांपुढें आला.

येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. जॉन विल्क्स याच्या 'नॉर्थ ब्रिटन' पत्राच्या ४५ व्या अंकावरून १७६३ सालीं जो हुकूम निघाला, त्यांत लेखक, मुद्रक व प्रकाशक यांस पकडावें असें होतें. नांव कोणाचेंच नव्हतें. त्या एका हुकुमावर ४९ माणसें धरलीं गेलीं. एंटिकच्या हुकुमांत नांव स्पष्ट होतें. मोकळीक होती ती कागदांविषयीं. अमुक कागद असें न म्हणतां सर्वच कागद न्यावयाचे होते. हीं दोन्ही प्रकरणें एकच समजून लिहिण्याचा प्रघात कोठें कोठें दिसतो, तो बरोबर नाहीं.

सरकारपक्षाचा मुख्य आधार वहिवाटीचा होता. १६८८ च्या राज्यक्रांतीपासून असे हुकूम निघत आले व कोणी हरकत घेतली नाहीं, असें त्याचें म्हणणें. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांतील भाषेंत सांगावयाचें तर त्यानें भोगवटा दाखविला, सनद दाखविली नाहीं. सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यानें सनदच मागितली. हा अधिकार पार्लमेंटच्या कायद्यांत अगर पूर्वींच्या निर्णयांत असल्यास दाखवावा. तेथें तो नसेल तर तो नाहींच. या चालीचें मूळ १६४१ सालीं मोडलेल्या स्टार चेंबर न्यायालयांत व १६९५ सालीं संपलेल्या मुद्रणनियंत्रणाच्या कायद्यांत आहे, हें त्यानें उलगडून दाखविलें. मूळ आधार गेल्यावर उरली ती केवळ चाल. राज्याच्या निकडीची सबबही त्यानें मान्य केली नाहीं.

निर्णयाचा सर्वांत मार्मिक भाग चोरीच्या मालाच्या झडतीशीं केलेल्या तुलनेचा आहे. चोरीचा माल शोधावयाचा असल्यास मालकानें शपथेवर चोरी सांगावी, माल कोठें आहे तें सांगावें, झडतीच्या वेळीं हजर राहून माल ओळखावा. आणि माल न निघाल्यास जबाबदारी त्याच्यावर. उलट कागदांच्या झडतींत शपथ नाहीं, साक्षीदार नाहीं, नेलेल्या वस्तूंची याद नाहीं, व कांहीं नाहींसें झाल्यास दाद नाहीं. म्हणजे जी वस्तु मनुष्यास सर्वांत जिव्हाळ्याची तीच सर्वांत उघडी. निकाल एंटिकच्या बाजूनें झाला.

या निर्णयाच्या पाठाचा इतिहासही संशोधकांनीं लक्षांत घेण्याजोगा आहे. विल्सनच्या १७७० च्या निवाडेसंग्रहांत त्याचा संक्षिप्त वृत्तांत आला. न्यायाधीशानें लिखित टिपणांवरून दिलेला विस्तृत निकाल हारग्रेव्हच्या 'स्टेट ट्रायल्स' या संग्रहांत १७८१ सालीं छापला गेला. यास्तव १७८१ पूर्वींच्या लेखकानें या खटल्याचा उल्लेख केला असल्यास त्याच्यापुढें कोणता पाठ होता हें पाहिल्यावांचून अनुमान करूं नये.

अमेरिकेंतील वसाहतींचें दुःख निराळें होतें. तेथें जकातीच्या अधिकाऱ्यांस कोणतेंही घर धुंडाळण्याचे सर्वसाधारण परवाने मिळत. जेम्स ओटिस यानें १७६१ सालीं बोस्टन येथें त्यांविरुद्ध भाषण केलें, पण खटला तो हरला. पुढें मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेंत व १७९१ सालीं मंजूर झालेल्या चवथ्या दुरुस्तींत हा निर्बंध आला: शपथेचा आधार व जागेचें आणि वस्तूंचें नेमकें वर्णन यांवांचून वॉरंट निघूं नये. संरक्षित गोष्टींत शरीर, घर व चीजवस्तू यांबरोबर 'कागद' हा शब्द स्वतंत्र घातला आहे. १८८६ सालीं बॉइडच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एंटिकच्या निर्णयाचाच आधार घेतला.

आपल्या घटनेंत असें स्वतंत्र कलम नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मसुद्यांत तें घातलें होतें; १९४८ सालीं काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं घटनासमितींत तशी दुरुस्ती मांडली, परंतु ती अखेर टिकली नाहीं. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनीं या अभावावर बोट ठेविलें. २०१७ सालीं नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवून तेवढ्यापुरता तो निर्णय रद्द केला.

तथापि पंचनाम्याचा नियम आपल्याकडे पूर्वींपासून आहे व २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेंतही तो कायम आहे: झडती पंचांसमक्ष व्हावी, घरधन्यास हजर राहूं द्यावें, जप्त वस्तूंची याद पंचांच्या सहीनें करून तिची नक्कल त्यास द्यावी. एंटिकच्या घरीं जें नव्हतें तें हेंच. कागद कोणाच्या दप्तरांतून, कोणत्या दिवशीं, कोणाच्या हातीं गेला हें सांगणारी याद नसेल, तर मालकाची दाद जाते आणि संशोधकाचा पुरावाही जातो.