जेथें श्रोते नसतात अशी सभा

सभा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. एका टोकास व्यासपीठ, त्यावर टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या व फुलांचे हार. समोर ओळीनें मांडलेल्या खुर्च्या आणि त्यांवर बसलेले आपण. अध्यक्षांची सूचना, अनुमोदन, प्रास्ताविक, वक्त्यांची ओळख, भाषण आणि शेवटीं आभारप्रदर्शन हा क्रम आपल्या शाळेंतील लहान विद्यार्थ्यासही पाठ असतो. परंतु ज्याला कांहीं सांगावयाचें आहे आणि ज्याचें नांव कार्यक्रमपत्रिकेंत छापलेलें नाहीं, त्याला या क्रमांत जागा कोठें? हा प्रश्न यंत्रविद्या व व्यापार या क्षेत्रांतील कांहीं मंडळींनीं मनावर घेतला, आणि त्यांतून सभेचा एक निराळाच प्रकार जन्मास आला. इंग्रजींत त्यास 'अनकॉन्फरन्स' म्हणतात. आपण त्यास येथें मुक्तसभा म्हणूं.

या कल्पनेचा उगम मोठा गमतीचा आहे. हॅरिसन ओवेन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें 1983 सालीं एक आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. तिच्या तयारींत त्याचें सबंध वर्ष गेलें. परिषद यथासांग पार पडली. पण सर्वांस विशेष आवडलेला भाग कोणता, तर मधल्या कॉफीच्या सुट्या! ज्या भागाची त्यानें कांहींच तयारी केली नव्हती, नेमका तोच लोकांच्या मनांत राहिला. दुसरा एकादा रागावला असता. ओवेननें मात्र विचार केला कीं, सबंध परिषदच सुटीसारखी कां असूं नये? पश्चिम आफ्रिकेंतील एका खेड्यांत कोणतीही समिती न नेमतां कित्येक दिवस चालणारा सोहळा सुरळीत पार पडतांना त्यानें पाहिला होता. त्या अनुभवाच्या आधारें 1985 सालीं त्यानें कॅलिफोर्नियांत पहिली मुक्तसभा भरविली.

तिची रीत अशी. सर्वजण वर्तुळाकार बसतात. ज्यास कांहीं विषय मांडावयाचा असेल तो उठतो, कागदावर विषय व आपलें नांव लिहितो, मोठ्यानें वाचून दाखवितो आणि भिंतीवर आंखलेल्या कोष्टकांत, वेळ व खोली पाहून, तो कागद चिकटवितो. तासाभरांत रिकामी भिंत भरून जाते आणि तीच दिवसाची कार्यक्रमपत्रिका होते. तिघेच आले तर त्या तिघांशींच बोलावें. जे आले तेच योग्य लोक, असें समजावयाचें. आणखी एक नियम आहे, त्यास 'दोन पायांचा नियम' म्हणतात. जेथें आपण कांहीं शिकत नाहीं व शिकवीतही नाहीं, तेथून आपल्या पायांनीं उठून दुसरीकडे जावें, आणि बोलणाऱ्यानें तो आपला अपमान मानूं नये. (हा नियम आमच्या वर्गास लागू नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें!)

संगणकविद्येच्या जगांत ही रीत रुजली ती एका रुसव्यांतून. टिम ओरायली या प्रकाशकानें 2003 पासून कॅलिफोर्नियांतील सेबॅस्टपोल गांवीं 'फू कॅम्प' नांवाचा मेळावा भरविण्यास प्रारंभ केला. कार्यक्रम मुक्त, पण प्रवेश मात्र निमंत्रितांसच. 2005 च्या ऑगस्टांत, त्याच शनिवार-रविवारीं, ज्यांस निमंत्रण नव्हतें अशा कांहीं तरुणांनीं पालो आल्टो येथें सर्वांस खुला असा दुसरा मेळावा भरविला. तयारीस त्यांना आठवडाही मिळाला नव्हता. त्यांनीं त्यास 'बारकॅम्प' हें नांव दिलें. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोक उदाहरणादाखल 'फू' व 'बार' हे शब्द वापरतात, आपण अमुक व तमुक म्हणतों तसे. अमुकांच्या मेळाव्यास उत्तर म्हणून हा तमुकांचा मेळावा! येथें बघ्यांस जागा नाहीं. प्रथमच येणाऱ्यानें तर कांहींतरी सांगावेंच, असा संकेत आहे.

त्या तरुणांपैकीं ख्रिस मेसिना यानें पुढें 2007 सालीं सुचविलें कीं, ट्विटरवरील संदेशांत एका विषयाचे संदेश ओळखूं यावेत म्हणून शब्दामागें दोन उभ्या व दोन आडव्या रेघांचें चिन्ह लावावें. त्यानें उदाहरणास घेतलेला शब्द 'बारकॅम्प' हाच होता. आज हेंच चिन्ह, ज्यास हॅशटॅग म्हणतात, सर्व जगांतील जाहिरातदारांच्या नित्य उपयोगाचें झालें आहे.

जाहिरातदारांचा उल्लेख आला तो योग्य ठिकाणींच आला. वस्तु घडविणारे आणि ती गिऱ्हाइकापर्यंत पोहोंचविणारे, म्हणजे ज्याला मार्केटिंग म्हणतात तें करणारे, यांनींही 2008 पासून 'प्रॉडक्टकॅम्प' या नांवानें आपापल्या शहरीं अशा सभा भरविण्यास आरंभ केला. भिंतीवरील विषयांस उपस्थितांनीं मतें द्यावयाचीं व अधिक मतांचे विषय चर्चेस घ्यावयाचे, अशी तेथील पद्धत. येथेंच खरी अडचण उभी राहते. ज्याचा धंदाच विकण्याचा, त्यास बोलण्यास मोकळी जागा मिळाल्यावर तो दुकान मांडणार नाहीं कशावरून? म्हणून आपल्या मालाची भलावण करावयाची नाहीं, असा निर्बंध तेथें पाळला जातो. परंतु सभागृह व जेवणखाण हीं बहुधा कंपन्यांच्या देणगींतून येतात, आणि ज्याच्या घरचें जेवलों त्याच्या मालाचे दोष काढणें कठीण जातें, हें कोणासही समजेल. दुसरा दोष मला याहून मोठा वाटतो. भिंतीकडे प्रथम धांवतो तो धीट मनुष्य. भिडस्त माणसाजवळ चांगला विषय असूनही त्याचा कागद खिशांतच राहतो. रिकामी भिंत सर्वांस सारखीच खुली असते हें खरें, पण तेथवर जाण्याचें धैर्य सर्वांजवळ सारखें नसतें. चांगले संयोजक अशा माणसास हेरून त्याच्या शेजारीं जाऊन बसतात.

हिंदुस्थानांत बारकॅम्पचें लोण 2006 सालीं आलें. त्या वर्षीं मार्चांत दिल्लीस मेळावा भरला, आणि पाठोपाठ चेन्नई, बंगलोर व आपल्या पुण्यामुंबईकडेही ही रीत पोहोंचली. 2010 च्या जानेवारींत ब्रह्मदेशांत रंगून येथें असाच मेळावा भरला. तेव्हां तेथें लष्करी राजवट होती. चार माणसांनीं मोकळेपणीं एकत्र जमून बोलणें हीच तेथें जोखमीची गोष्ट. तरीही, संगणकाच्या निमित्तानें कां होईना, दोन हजारांहून अधिक माणसें त्या मेळाव्यास आलीं.