महाराष्ट्रातील जागा निष्कासनविषयक कायदे

दुसऱ्याच्या ताब्यातील घर वा जमीन मालकाने कायद्याच्या मार्गाने परत मिळविणे म्हणजे निष्कासन होय. मालकी सिद्ध असली तरी भाडेकरूस अथवा स्थिर ताबा असलेल्या व्यक्तीस बळाने बाहेर काढता येत नाही, हे यामागील मूलतत्त्व आहे. पुणे शहरातील विश्रांतवाडीसारख्या उपनगरात भाड्याची घरे, झोपडपट्ट्या आणि सरकारी जमिनी अशा तिन्ही प्रकारच्या जागा आढळतात. त्यांना लागू होणारे कायदे मात्र वेगवेगळे आहेत.

भाडेकरू

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला व त्याने १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची जागा घेतली. भाडे थकल्यास लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतरच दावा लावता येतो. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के व्याजासह भरली व पुढेही भाडे भरत राहिला, तर या कारणावरून त्यास काढता येत नाही. विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवणे, सहा महिने जागा विनाकारण न वापरणे, मालकाची खरीखुरी गरज ही अन्य कारणे होत. मालकाची गरज तपासताना अधिक हालअपेष्टा कोणाच्या वाट्याला येतील, याचाही विचार होतो. पुण्यात असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. योग्य कारणाविना पाणी वा वीज तोडणे हा गुन्हा आहे.

लिव्ह अँड लायसन्स

मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट शुल्क आकारले जाते. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो व ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा नसेल तर, ग्राह्य धरले जाते.

अनधिकृत कब्जा

बेकायदेशीरपणे ताबा गमावलेल्या व्यक्तीस विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावता येतो. तेथे मालकीचा प्रश्न विचारात घेतला जात नाही. मालकी हक्काच्या आधारे ताबा मागण्याची मुदत, ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध झाल्यापासून, १२ वर्षे आहे. शासनासाठी ती ३० वर्षे आहे. मालकाच्या संमतीने राहणारा भाडेकरू केवळ दीर्घ वास्तव्यामुळे मालक होत नाही.

झोपडपट्टी व सरकारी जागा

घोषित झोपडपट्टीतील रहिवाशाविरुद्ध निष्कासनाचा दावा लावण्यापूर्वी १९७१ च्या झोपडपट्टी अधिनियमानुसार सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते. केंद्र सरकारच्या जागांसाठी १९७१ चा स्वतंत्र कायदा असून त्यात संपदा अधिकारी नोटीस देऊन सुनावणी घेतो. ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात समाविष्ट मानला. मात्र पदपथावर कायम राहण्याचा हक्क मान्य केला नाही.