गावाचा नकाशा आणि बाजाराचा रंग

गावातली एखादी जमीन शेतीच्या किंवा वस्तीच्या विभागातून काढून व्यापारी विभागात घालावयाची असे ठरले, की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, ज्याची जमीन त्याला तिचे काय ते ठरवू द्या. दुसरा म्हणतो, गावाचे वाटोळे होणार. दोघेही तावातावाने बोलतात. परंतु विभाग बदलतो म्हणजे नेमके काय बदलते, याचा विचार सहसा कोणीच करीत नाही. आज तोच करावयाचा आहे.

विभाग, किंवा बोलण्यातला झोन, म्हणजे त्या जमिनीवर कायद्याने काय काय करता येईल याची यादी. ही यादी जमिनीला चिकटलेली असते, मालकाला नव्हे. मालक आज म्हणेल, मला चार खोल्यांचे भोजनगृहच काढावयाचे आहे. त्याचा हेतू प्रामाणिकही असेल. पण जमीन उद्या विकली गेली तर विकत घेणाऱ्याला तो शब्द बांधून ठेवीत नाही. व्यापारी विभागात जे जे बसते ते ते सारे त्याला करता येते. मग ते मंगल कार्यालय असो, गोदाम असो वा मोठे हॉटेल असो. म्हणून मालक कोण आहे, हे विचारण्यापूर्वी यादीत काय आहे, हे विचारावे.

शेजाऱ्याचा संबंध येतो तो येथेच. जमिनीची हद्द कुंपणाने ठरते. तिच्या वापराचे परिणाम कुंपण मानीत नाहीत. नवी कूपनलिका खोल गेली की शेजारची विहीर आटू शकते. बैलगाडीच्या मापाच्या वाटेवर मालमोटारी येऊ लागतात. उतारावर फरशी पडली की पावसाचे पाणी मुरावयाचे थांबते आणि खालच्या वाड्यात शिरते. नफा एका सातबाऱ्यावर चढतो आणि खर्च साऱ्या गावाच्या माथी पडतो. तक्रारीचे मूळ हेच असते. तिला केवळ मत्सर म्हणणे अन्यायाचे होईल.

या बाबतीत गोव्याचा अनुभव फार बोलका आहे. तेथे 1974 साली नगर व ग्राम नियोजनाचा कायदा झाला आणि त्याखाली सबंध प्रदेशाची योजना करण्याची पद्धत पडली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा 2011’ या योजनेत बागायती, डोंगरउतार आणि झाडीच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर वस्तीच्या विभागात दाखविल्या आहेत, असा आक्षेप लोकांनी घेतला. गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि 2007 साली सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्याच्या कामात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा मोठा वाटा होता. त्या वेळी नकाशे गावोगाव पाठवून ग्रामस्थांच्या सूचना मागविण्यात आल्या. आपला ओढा आणि आपले तळे नकाशात आहे की नाही, हे लोक स्वतः पाहू लागले.

परंतु प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. आराखडा सबंध प्रदेशाचा असतो, आणि त्याला एकेका भूखंडापुरती भोके पाडता येतात. 2023 साली तेथील कायद्यात कलम 17(2) आले. आराखड्यातील चुका व विसंगती दुरुस्त करावयाच्या, असा त्याचा घोषित हेतू. त्याच्या आधारे खाजगी अर्जांवरून एकेका जमिनीचा विभाग बदलू लागला. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठी केलेले नियम रद्द केले. 2024 साली आलेल्या कलम 39-अ मध्ये विभाग बदलण्यापूर्वी 30 दिवसांची जाहीर सूचना देऊन लोकांचे म्हणणे मागविण्याची तरतूद ठेवण्यात आली. वाद मात्र तोच राहिला: योजना सर्वांनी मिळून करावयाची, आणि मोडावयाची एकेकट्याच्या अर्जावर, हे कसे?

महाराष्ट्रातही हा धडा लागू आहे. आपल्या 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम 37 प्रमाणे मंजूर विकास योजनेत किरकोळ फेरबदल करता येतो. पण त्याने योजनेचे मूळ स्वरूप पालटता कामा नये आणि लोकांच्या हरकती मागविल्या पाहिजेत, अशी अट त्याच कलमात आहे.

तेव्हा हरकत कशी लिहावी? ‘आमचा विरोध आहे’ एवढ्याने भागत नाही. गट क्रमांक लिहावा. रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी मोजून द्यावी. आसपासच्या विहिरींना उन्हाळ्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते, ओढा कोठून वाहतो, शाळा किती अंतरावर आहे, हे सांगावे. प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि सुनावणीला जातीने हजर राहावे. मुदत टळल्यावर केलेला आरडाओरडा नियोजनाच्या दप्तरात नोंदला जात नाही.

दुसरी बाजूही विसरू नये. शेती परवडत नाही म्हणून जमीन विकू पाहणारा शेतकरी हा गावाचा शत्रू नव्हे. गावाला दुकान हवे, दवाखाना हवा, तरुणांना काम हवे. व्यापाराला जागाच द्यावयाची नाही असे म्हणणारे गाव आपल्याच मुलांना शहराची वाट दाखविते. म्हणून जागा द्यावी. पण ती कोठे, किती आणि कोणत्या पाण्याच्या व रस्त्याच्या हिशेबावर, हे आधी सर्वांनी मिळून ठरवावे. हा हिशेब मांडून घेण्याचा हक्क कायद्याने ग्रामस्थाला दिला आहे. त्यासाठी मिळणारे दिवस मात्र थोडेच असतात. चावडीवरची सूचना वाचण्याची सवय आपण सोडली, तर नकाशाचा रंग बदलल्याचे आपल्याला जमीन खणणारे यंत्र दारात आल्यावरच कळेल.