शंकरपट ते जामठा: खेळाच्या बातमीमागचा माणूस

धान कापून झाले की गोंदिया जिल्ह्यात मंडई आणि शंकरपटाचे दिवस येतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचे नाटक. शर्यतीत बैलांची जोडी सुटते आणि काही सेकंदांत निकाल लागतो. पेपरात जोडीमालकाचे नाव, गाव आणि वेळ छापून येते. ही बातमी देणारा बहुधा तालुक्याचा वार्ताहर असतो. त्याच दिवशी त्याने धान खरेदी केंद्रावरची बातमीही पाठवलेली असते.

पटाची बातमी वरवर सोपी वाटते. पण 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्यामुळे वार्ताहराला घड्याळाबरोबर परवानगीचे कागदही वाचता यावे लागतात.

मराठी वृत्तपत्रांत खेळाला रोजची हक्काची जागा मिळवून देण्याचे श्रेय वि. वि. करमरकर यांना जाते. 1962 साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये त्यांनी क्रीडापान घडवले. क्रिकेटच्या गर्दीत कबड्डी, खो-खो आणि कुस्तीलाही त्यांनी मान दिला, आकाशवाणीवर मराठीतून समालोचन केले. 6 मार्च 2023 रोजी त्यांचे निधन झाले.

प्रत्येक खेळाला मान देण्याची करमरकरांची शिस्त गोंदियातल्या कबड्डीच्या मैदानावरही तशीच लागू पडते. चढाई 30 सेकंदांची. समोरचा सगळा संघ बाद केला की लोणाचे 2 गुण जादा. चांगला बातमीदार नुसता अंतिम गुणफलक देत नाही. मध्यंतराला कोण पुढे होते, लोण कधी चढला, कोणाच्या पकडीने सामना फिरला, हेही टिपतो. आणि मुख्य म्हणजे खेळाडूंची नावे दोनदा विचारून घेतो. सालेकसा किंवा देवरीच्या शाळेतल्या मुलीचे नाव पहिल्यांदाच छापून येत असते. ते चुकले तर तिच्या आनंदावर विरजण पडते.

तालुक्याच्या वार्ताहराची पुढची पायरी नागपूरच्या वृत्तपत्रातील क्रीडा विभागाची. तिथे उपसंपादक म्हणून मजकूर तपासणे, मथळे देणे, पान लावणे आणि डाक आवृत्तीची वेळ गाठणे हे रोजचे काम. अनुभव आला की नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवरील पत्रकार कक्षात जागा मिळते. विदर्भाचा क्रिकेट संघ वर्षानुवर्षे रणजी करंडक स्पर्धेत मागे राहिला, तरी इथले पत्रकार त्याच्यावर लिहीत राहिले. म्हणूनच 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिले विजेतेपद पटकावले, तेव्हा रजनीश गुरबानीच्या हॅट्‌ट्रिकचे मोल वाचकांना समजावून सांगणारी माणसे तयार होती.

या वाटेवर सुरुवातीचे मानधन तुटपुंजे असते, रविवारची सुटी मिळेलच असे नाही. आता मजकुराबरोबर मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओही पाठवावे लागतात. पत्रकारितेची पदवी उपयोगी पडते. पण नियमांचा अभ्यास आणि मैदानावरची नियमित हजेरी यांना पर्याय नाही. शिकण्याची संधी घराजवळच आहे: शालेय क्रीडा स्पर्धा दरवर्षी तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या क्रमाने होतात. तालुक्याच्या सामन्यापासून एखाद्या संघाचा माग काढणाऱ्या होतकरू बातमीदाराला वर्षभराचे काम तिथेच सापडते.