साठीनंतरचं घुमट

चवथ जवळ आली की डिचोली-पेडण्यात निवृत्त माणसंही घुमट काढून बसतात. नवं काही रचायचं नसतं. पिढीजात आरत्याच वाजवायच्या. मातीच्या घटाच्या मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्याने ते लहान तोंड झाकत-उघडत नाद बदलायचा. सोबत शामेळ नि कासाळें. शेजारचे काका साठीनंतर शिकायला लागले. उजवा हात महिन्यात बसला, डावा अजून ऐकत नाही!

पूर्वी चामडं घोरपडीचं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आता बकऱ्याचं. ‘तो नाद नाही रे,’ जुने कुरकुरतात; घोरपड वाचली हे मला बरंच वाटतं. मांडोलाही हेच घुमट लागतं. २०१९ मध्ये ते गोव्याचं वारसा वाद्य ठरलं. गेल्या चवथीला काका मध्येच चुकले. आरती थांबली नाही. पुढच्या ओळीला त्यांनी ताल पकडला.