वृद्धाश्रमांतील औषधाची वाटी

वृद्धाश्रमाचा विषय निघाला कीं आपलें बोलणें बहुधा दोनच वाटांनीं जातें. मुलांनीं आईबापांस तेथें ठेवावें कीं ठेवूं नये, ही एक वाट. आणि तेथें जेवण कसें असतें, ही दुसरी. पहिल्या प्रश्नावर घरोघर वाद होतात, व दुसऱ्याची चौकशी आपण भेटीच्या पहिल्या पांच मिनिटांत उरकतों. परंतु आपली आई किंवा वडील तेथें दिवसांतून तीन वेळां ज्या गोळ्या घेतात त्या त्यांना कोण देतें, कशाच्या आधारें देतें, आणि त्या खरोखर पोटांत गेल्या हें कशावरून समजावयाचें, असें विचारणारा मनुष्य क्वचितच आढळतो. आजचें माझें बोलणें या उपेक्षित प्रश्नापुरतेंच आहे. मी वैद्य नव्हे. आयुष्य शाळेंत गेलें. निवृत्तीनंतर आपल्या शहरांतील एका वृद्धाश्रमांत वर्तमानपत्र वाचून दाखविण्यास जात असतों. तेथें बसून जें पाहिलें, व जाणत्या डॉक्टरांकडून आणि परिचारिकांकडून जें समजून घेतलें, तेंच आपणांपुढें ठेवतों.

निराधार वृद्धांना आसरा देण्याची कल्पना आपल्याकडे अगदीं नवी नाहीं. पुण्यांतील डेव्हिड ससून यांच्या नांवाचा ‘निवारा’ एकोणिसाव्या शतकापासून उभा आहे. राज्य शासनानें १९९५ सालीं ‘मातोश्री वृद्धाश्रम’ ही योजना काढली, आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरांतही पैठण रस्त्यावर या नांवाचा आश्रम आहे. पुढें २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा केंद्रीय कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, किमान १५० गरजू वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्यानें काढावा, असें त्याच्या १९ व्या कलमांत म्हटलें आहे. आणि सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठीं शक्य तितक्या खाटा व वेगळी रांग असावी, असें २० व्या कलमांत. म्हणजे छपराचा आणि रांगेचा विचार झाला. रांगेंतून मिळालेली चिठ्ठी संध्याकाळीं आश्रमांत कोणी वाचावयाची, हें मात्र प्रत्येक आश्रमास आपलें आपणच ठरवावें लागतें.

वृद्धाचें शरीर म्हणजे तरुणाचेंच शरीर, फक्त सुरकुतलेलें, अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. वयाबरोबर मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ति कमी होते, यकृताचें काम मंदावतें, अंगांतील पाण्याचें प्रमाण घटतें. त्यामुळें जी गोळी चाळिशीच्या मनुष्याच्या शरीरांतून संध्याकाळपर्यंत निघून जाते, तीच ऐंशीच्या वृद्धाच्या शरीरांत दुसऱ्या दिवशींही रेंगाळूं शकते, आणि तिच्यावर नवी गोळी येऊन पडते. झोपेच्या गोळीनें पहाटे तोल जातो व न्हाणीघरांत पडून खुब्याचें हाड मोडतें. सर्दीच्या साध्या वाटणाऱ्या गोळीनें लघवी अडते आणि मन भ्रमतें. सांधेदुखीची गोळी रोज घेतल्यानें पोटांत रक्तस्राव होतो किंवा मूत्रपिंडांस इजा पोंचते. मार्क बीअर्स नांवाच्या अमेरिकन वैद्यानें वृद्धांस शक्यतों देऊं नयेत अशा औषधांची यादी १९९१ सालीं प्रसिद्ध केली. ती त्यानें प्रथम शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांना डोळ्यांपुढें ठेवूनच केली होती. आज जगभरचे डॉक्टर तिची सुधारलेली आवृत्ति वापरतात.

आतां असें समजूं या कीं डॉक्टरांनीं औषध योग्य तेंच लिहून दिलें. तरी काम संपत नाहीं. इंग्लंडांत अभ्यासकांनीं ५५ आश्रमांतील २५६ वृद्धांच्या औषधांची बारकाईनें तपासणी केली व २००९ सालीं तिचा वृत्तांत छापला. प्रत्येक वृद्धास सरासरी आठ औषधें चालू होतीं; आणि तपासणीच्या दिवशीं दर दहांपैकीं जवळजवळ सात जणांच्या बाबतींत कोणती ना कोणती चूक सांपडली. कोठें लिहिण्यांत, कोठें दुकानांतून देण्यांत, कोठें भरविण्यांत, तर कोठें रक्ताची वेळच्या वेळीं तपासणी न करण्यांत. बहुतेक चुका फारशा अपायकारक नव्हत्या हेंही खरें. पण ज्या देशांत परिचारिका शिकलेल्या, कागदपत्र व्यवस्थित आणि तपासनीस कडक, तेथें ही स्थिति. मग आपण निश्चिंत कां असावें?

आपल्या शहरास मलिक अंबराची नहर ठाऊक आहे. डोंगराकडचें पाणी खापरी नळांतून शहरांत आणण्याची ती सतराव्या शतकांतील योजना. अशा नळांत पाणी गळतें तें सहसा नळाच्या मध्यें नव्हे, सांध्यांत. औषधाचेंही तसेंच आहे. डॉक्टर, दुकानदार, आश्रमाचा व्यवस्थापक, वाटी घेऊन फिरणाऱ्या मावशी, आणि शेवटीं वृद्धाचें तोंड, असा हा नळ आहे. यांतील प्रत्येक मनुष्य आपल्या जागीं प्रामाणिक असूनही सांधा गळतो.

सर्वांत मोठा सांधा रुग्णालयांतून परत येण्याचा. समजा, एक आजोबा रक्तदाबासाठीं ॲम्लोडिपिन घेत आहेत. ते घाटींत किंवा एखाद्या खासगी दवाखान्यांत आठ दिवस राहून परततात. बरोबर नवी चिठ्ठी असते, व तींत एक जोडगोळी लिहिलेली असते. तिचें व्यापारी नांव निराळें, रंग निराळा. पण आंत तेंच ॲम्लोडिपिन, शिवाय टेल्मिसार्टन. आश्रमांत जुनी गोळी चालूच राहते आणि नवी सुरू होते, कारण जुनी बंद करा असें कोणी लिहिलेलें नसतें. चौथ्या दिवशीं आजोबा उठतांना भोवळ येऊन पडतात. यांत दोष कोणाचा? नवीन चिठ्ठी जुन्या यादीशेजारीं ठेवून, पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलीं मूळ औषधांचीं नांवें एकेक करून ताडून पाहणें, आणि शंका राहिली तर त्याच दिवशीं डॉक्टरांना दूरध्वनि करणें, एवढें अर्ध्या तासाचें काम कोणाकडेही सोपविलेलें नव्हतें. तें कोणाकडे आहे, हें आपण प्रवेश घेतांनाच विचारावें.

दुसरा सांधा कात्रीचा. आपल्याकडे दुकानांत दहांच्या पाकिटांतून चार गोळ्या कापून देतात. कापलेल्या तुकड्यावर कधीं नांव राहतें तर मुदत जाते, कधीं मुदत राहते तर नांव जातें. आश्रमासाठीं पूर्ण पाकिटेंच घ्यावींत, आणि प्रत्येक वृद्धाचा डबा वेगळा, त्यावर पूर्ण नांव व छायाचित्र असावें. पाकिटांतून गोळी काढावयाची ती देण्याच्या वेळींच. आदल्या रात्रीं वीस जणांच्या वीस पुड्या बांधून ठेवल्या म्हणजे सकाळचें काम हलकें होतें हें मला मान्य आहे. पण पुडी एकदां बांधली कीं तींतील पांढरी गोळी कोणती, हें पुडी बांधणारासही सांगतां येत नाहीं.

आतां नांवाविषयीं. आश्रमांत सर्व स्त्रिया ‘आजी’ व सर्व पुरुष ‘आजोबा’ होतात. ही हांक गोड आहे. तिच्यावर माझा राग नाहीं. पण त्या गोडव्यांत मनुष्याचें नांव बुडून जातें, आणि औषधाच्या वेळीं नांव हेंच त्याचें पहिलें संरक्षण असतें. एका खोलींत दोन शांताबाई असणें काय अशक्य आहे? शिवाय ‘आपण शांताबाईच ना?’ असा प्रश्न विचारूं नये. ज्यांना ऐकूं कमी येतें ते कोणत्याही प्रश्नास मान डोलावतात. वर्गांत ‘समजलें ना?’ असें विचारलें तर सारा वर्ग होय म्हणतो, हा तर प्रत्येक मास्तराचा अनुभव आहे. ‘आपलें पूर्ण नांव सांगा’ असें म्हणावें. ज्यांना सांगतां येत नाहीं त्यांचें छायाचित्र पाहावें.

दिल्याची नोंद केव्हां करावी, यावरही थोडें थांबतों, कारण हा माझ्या धंद्यांतला विषय आहे. शाळेंत मुलगा ‘हजर’ म्हणाला कीं मग खूण होते. जो शिक्षक आदल्या दिवशींच सगळ्यांच्या खुणा करून ठेवील त्याचा हजेरीपट सुबक दिसेल, पण त्यावरून वर्गांत कोण होतें हें समजणार नाहीं. औषधाचा पटही असाच. गोळी गिळलेली पाहावी, मग सही करावी. आणि घेतली नाहीं, ओकून गेली, झोप लागली होती, असें कांहीं झालें तर तेंही शब्दांत लिहावें. रिकामा रकाना ठेवूं नये. रात्रपाळीस येणाऱ्या बाई त्या रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘राहिली’ असा करतात आणि दुसऱ्यांदा देतात. विसरलेली गोळी पुढच्या वेळीं दुप्पट करून देणें हाही असाच घातक उपाय. मेथोट्रेक्सेट नांवाचें संधिवातावरचें औषध तर आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तें चुकून रोज दिल्यानें माणसें दगावलीं आहेत. त्याच्या रकान्यांत वाराचें नांव लिहून बाकीच्या सहा दिवसांवर ठळक रेघ मारावी.

उपवास हा आपल्या घरचा विषय. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे. वृद्ध माणसें हीं व्रतें सहजासहजीं सोडीत नाहींत, व आपण तीं हट्टानें सोडवूं नयेत. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमींच्या मात्रेंत गेलें आणि पोटांत अन्न गेलें नाहीं, तर रक्तांतील साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात कांपतात, बोलणें असंबद्ध होतें. आणि जवळचीं माणसें म्हणतात, ‘वय झालें, बरळतात.’ तें बरळणें वयाचें नसून साखरेचें असूं शकतें. शुद्ध असेल व गिळतां येत असेल तर तात्काळ साखरेचें पाणी द्यावें. शुद्ध नसेल तर तोंडांत कांहीं न घालतां रुग्णालय गांठावें. उपवासाची तारीख पंचांगांत आधींच छापलेली असते; मात्रा किती कमी करावयाची हें डॉक्टरांना आदल्या आठवड्यांतच विचारतां येतें.

इन्सुलिनावरून आठवलें. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वापरांतली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण २५ ते ३० अंशांच्या वर नव्हे. आपल्या शहरांतील वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. शीतपेटी नसेल किंवा वीज गेली तर पाझरणाऱ्या मातीच्या माठांत, कोरड्या डब्यांत घालून कुपी ठेवल्यास पुष्कळ निभावतें. बर्फांत मात्र ठेवूं नये. गोठलेलें इन्सुलिन फेंकून द्यावें लागतें.

एक गोष्ट बोलणें अवघड आहे. रात्र शांत जावी म्हणून बडबडणाऱ्या, फिरणाऱ्या, वारंवार हांका मारणाऱ्या वृद्धास गुंगीचें औषध देण्याचा मोह सर्वत्र होतो. दोराचें बांधणें दिसतें, गोळीचें दिसत नाहीं, इतकाच फरक. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारांवरील कांहीं औषधांमुळें मृत्यूचा धोका वाढतो, अशी चेतावणी अमेरिकेच्या औषध नियामकांनीं २००५ सालींच दिली. असें औषध कधींकधीं लागतेंच. पण तें डॉक्टरांनीं कारण लिहून, मुदत घालून द्यावें, आणि घरच्यांना सांगून. खिरींत चुरून लपवून देणें हाही त्यांतलाच प्रकार. मनुष्य नको म्हणाला तर कां म्हणाला हें आधीं विचारावें. पुष्कळदां गोळी मोठी असते, घसा कोरडा असतो, एवढेंच कारण निघतें. शिवाय दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून केलेली गोळी चुरली तर सारी मात्रा एका तासांत अंगांत उतरते.

मावशींच्या हातून चूक झाली तर काय होतें? पगार कापला जातो, किंवा काम जातें. म्हणून चूक लपते, डॉक्टरांना कळत नाहीं, आणि ज्यानें चुकीची गोळी घेतली तो बिछान्यांत एकटा राहतो. ज्या आश्रमांत चूक सांगणाऱ्यास शिक्षा होत नाहीं, तेथें चुकांची वही जाड असते. मीं तर अशाच वहीवरून आश्रम पारखावा असें म्हणेन. १७ सप्टेंबर हा आपला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ पासून तोच दिवस रुग्णसुरक्षेसाठीं ठरविला आहे, व २०२२ सालीं त्याचा विषय औषधांची सुरक्षितता हाच होता. तिरंग्यास वंदन करून परततांना त्या दिवशीं एखाद्या आश्रमाची वही पाहण्यास कोणास हरकत असेल?

शेवटची गोष्ट आपल्या दानधर्माची. घरांत कोणी वारलें कीं उरलेल्या गोळ्यांची पिशवी भरून आपण वृद्धाश्रमास नेऊन देतों. हेतु चांगला असतो. पण त्या पिशवींत अर्धवट कापलेलीं पाकिटें, मुदत संपत आलेलीं औषधें, उन्हांत राहिलेल्या कुप्या असतात; आणि एका मनुष्यासाठीं लिहिलेलें औषध दुसऱ्याच्या नांवावर चढतें. ती पिशवी औषधाच्या दुकानदारास किंवा रुग्णालयास विचारून नष्ट करावी. आश्रमास कांहीं द्यावयाचेंच असेल तर रक्तदाब मोजण्याचें यंत्र द्यावें, साखर तपासण्याच्या पट्ट्यांचा डबा द्यावा, किंवा चार घरांनीं मिळून एका शिकलेल्या परिचारिकेच्या पगारास दरमहा हातभार लावावा.