पाहुणा घरचा कधी होतो?

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या फुटबॉल टर्फवर शनिवारी रात्री दहा वाजतासुद्धा जागा मिळत नाही. ऑफिसची बॅग जाळीला टेकवलेली, अंगात बेंगळुरू एफसीची निळी जर्सी. खेळ संपला की काठावर बसून एकच वाद रंगतो : नवा मोठा खेळाडू क्लबसाठी आलाय की पैशासाठी? आमच्यातला कोल्हापूरचा गडी शेवटी म्हणतो, "संघ हरायला लागला की कळतंय, माणूस कुणाचा हाय ते."

तो शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढला. तिथे संघ म्हणजे पेठ. सकाळी दूध आणायला जाताना जो भेटतो, तोच दुपारी गोलात उभा असतो. अशा माणसाच्या हेतूबद्दल शंका येणार कशी?

इंडियन सुपर लीगमध्ये ही ओळख आधी नव्हती. १२ ऑक्टोबर २०१४ला सुरू झालेला पहिला हंगाम २० डिसेंबरला संपलासुद्धा. निवृत्तीनंतर पुन्हा बूट चढवलेला फ्रेडी युंगबर्ग मुंबईत, रॉबेर पिरेस गोव्यात, दाविद त्रेझेगे पुण्यात. नावं डोळे दिपवणारी, पण मुक्काम दहा आठवड्यांचा. एवढ्या काळात प्रेम जडायचं कसं आणि ते पारखायचं कसं? चाहत्यांचा संशय अशा घाईतून आला, आणि तो रास्त होता.

मग सुनील छेत्री बघा. २०१३मध्ये बेंगळुरू एफसी स्थापन झाला आणि तो इथे आला. तोवर मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, अमेरिकेतला कॅन्सस सिटी, पोर्तुगालमधला स्पोर्टिंगचा दुसरा संघ असे अनेक उंबरे त्याने ओलांडले होते. कागद बघून कुणीही म्हटलं असतं, हा टिकणार नाही. इंडियन सुपर लीगच्या २०१५च्या लिलावात मुंबई सिटीने त्याच्यावर १ कोटी २० लाख रुपयांची बोली लावली. तो उसनवारीवर तिकडे खेळला, परतला, आणि २०१६मध्ये बेंगळुरूने दुसऱ्यांदा आय-लीग जिंकली. आज कंठीरवा स्टेडियममध्ये त्याच्या निष्ठेबद्दल विचारायची गरज कुणालाच वाटत नाही.

राहुल भेकेची गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून राहिली आहे. १७ मार्च २०१९, मुंबई, अंतिम सामना, समोर एफसी गोवा. ११७व्या मिनिटाला कॉर्नर आला, भेके उसळला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. त्या एका गोलावर बेंगळुरूने पहिल्यांदा इंडियन सुपर लीग जिंकली. २०२१मध्ये तो मुंबई सिटीकडे गेला, तेव्हा आमच्या टर्फवर त्याला फितूर म्हटलं गेलं. मीही म्हटलं. मुंबई हे त्याचं जन्मगाव आहे, हे त्या रात्री कुणाला आठवलंही नाही. मे २०२४मध्ये मुंबईचा कर्णधार म्हणून त्याने तोच करंडक उचलला आणि त्याच उन्हाळ्यात तो बेंगळुरूला परत आला.

फुटबॉलपटूची कमाईची वर्षं मोजकी असतात. पस्तिशीला पाय थकतात, घर मात्र पुढे चालवायचं असतं. त्याने पैसा बघितला म्हणून तो खोटा ठरत नाही. आपणही पगार बघूनच या शहरात आलो, आणि राहता राहता इथले झालो.

मन कुणाचंच वाचता येत नाही. पण चेंडू गमावल्यावर तो मागे धावतो का, हे गॅलरीतून दिसतं. तेवढं बघायला दोन-तीन हंगाम लागतात. तेवढा वेळ क्लबने करारात द्यावा आणि आपण मनात.